लिनक्सवाला मिलिंद आणि ग्रामसभेचा ठराव

मिलिंदच्या दुकानात कुणी अंगठा द्यायला आलं, की मिलिंद स्वतः उठून बाहेर जातो. बाहेर म्हणजे माझ्या दुकानाच्या पायरीवर. माझं खत-औषधांचं दुकान, शेजारी त्याचं सातबारा, आधार, पीकविमा असल्या ऑनलाइन कामांचं केंद्र. गिऱ्हाइकाचा अंगठा यंत्रावर उमटेपर्यंत तो पायरीवर उभा राहून हायवेकडे बघतो. आतून त्याच्या बायकोनं, संगीतावहिनींनी, "झालं हो" म्हटलं, की परत जाऊन खुर्चीत बसतो. नव्या माणसाला वाटतं, आपल्याच अंगठ्याला वास येतोय की काय.

कारण एवढंच, की अंगठ्याचं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, फक्त विंडोजवर चालतो आणि मिलिंद विंडोजला शिवत नाही. नावसुद्धा घेत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या तसा तो "तिकडचं मशीन" म्हणतो. ते मशीन वहिनींच्या ताब्यात. काम नसेल तेव्हा त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. मिलिंदचं स्वतःचं सगळं लिनक्सवर. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवायची फुकट मिळणारी व्यवस्था, जिचा मालक कुणी नाही, किंवा मग सगळेच आहेत. हे मला त्यानंच सांगितलं, मी विचारलं नसताना.

त्याच्या आईला हा प्रकार अजिबात पटत नाही. एकदा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हातारीनं त्याला झाडलं. "शिवाशिव मोडावी म्हनून तुझ्या आज्यानं दीक्षा घेतली, आन् तू कंप्युटरची शिवाशिव पाळतो व्हय रं?"

"आई, त्यो मानसांचा प्रश्न व्हता," मिलिंद शांतपणे म्हणाला. "हा ड्रायव्हरचा हाये."

मिलिंद पंचेचाळिशीचा, शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आणि हा माणूस गेम खेळतो. मोबाइलवर बोट फिरवून फळं फोडतात तसले नाही. बंदुकांचे, गाड्यांचे, मोठे. घरी त्याचं एक वेगळं मशीन आहे, त्याला बाजूचे पत्रे नाहीत. हवा खेळती पाहिजे म्हणून काढले आणि धूळ नको म्हणून शेडनेट गुंडाळलं. ते शेडनेट माझ्याच दुकानातलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आत ढोबळी मिरचीची रोपं आहेत. रंगीत दिवे लावलेली मशीनं त्याला बघवत नाहीत. "वरातीची गाडी हाये का ती? उजेड पडद्यावर पाडायचा, डब्यात कशाला?"

त्याची मतं ऐकायला पैसे पडत नाहीत, पण वेळ जातो. गेमची चित्रं पडद्यावर उठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डांत हिरवी कंपनी आणि तांबडी कंपनी असे दोन पंथ आहेत म्हणे. हा तांबड्यांतला. "हिरवा टोमॅटो कुनी खातंय का? झालं तर मंग!" नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात उभा राहून हे बोलला तेव्हा शेजारचा व्यापारी गंभीरपणे "बराबर हाये" म्हणाला आणि क्रेटमधले कच्चे टोमॅटो खाली ढकलायला लागला.

दुसऱ्या मशीनसाठी केलेला गेम लिनक्सवर आणतात त्याला पोर्ट म्हणतात. त्यावर मिलिंद द्राक्षाच्या भाषेत बोलतो. "पोर्ट म्हंजी कलम. खुंट एकाचा, काडी दुसऱ्याची. बांधनारा शाना असंल तर घड लागतो. न्हाईतर नुसता पाला." आणि महिन्याच्या भाड्यावर गेम देणाऱ्या सेवांचं नाव काढलं, की तो चष्मा वर करून एकच प्रश्न विचारतो, "सातबारा कुनाच्या नावावर?" भाड्याचा गेम म्हणजे दुसऱ्याचं रान. तुम्ही खपायचं आणि एक दिवस मालकानं बांधावरून हाकलायचं.

ही प्रवचनं तो वडापच्या, म्हणजे सीट भरल्यावर सुटणाऱ्या, जीपमध्येही करतो. एकदा मागच्या सीटवरच्या एका कॉलेजवाल्या पोरानं चुकून सांगितलं, की मी लॅपटॉपवर गेम खेळतो. जुन्नर येईपर्यंत त्या पोराचं तोंड उतरलं. तेव्हापासून जीपवाला मिलिंदला बघितलं की "या भाऊ, पुढं बसा" म्हणतो. मिलिंदला तो मान वाटतो.

मी हे सगळं हसण्यावारी न्यायचो. मला कामं आहेत. फवारणीचा हंगाम चालू असताना ड्रायव्हर आणि पोर्ट ऐकायला कोण बसणार? पण प्रज्ञा, त्याची एकुलती एक लेक, इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, तेव्हापासून मी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

बापलेकीचं फोनवरचं बोलणं मी पायरीवर बसून पुष्कळदा ऐकलंय. "जेवली का?" "हो." "मेसचं बरं हाये का?" "हाये." "बरं मंग." संपलं. फोन ठेवला की मिलिंद थोडा वेळ फोनकडे बघत राहतो, जणू नेटवर्कचीच चूक. गेममध्ये मात्र दोघं तासन्‌तास बोलतात. प्रज्ञा धरून होस्टेलच्या चार मुली आणि पाचवा हा, अशी त्यांची टोळी होती. शनिवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून, कानाला हेडफोन लावून, आमचा मिलिंद त्या चार पोरींच्या मागं बंदूक घेऊन राखणीला. एकदा आमच्याकडे उसात बिबट्या दिसला आणि लोकांनी फटाके वाजवले. ते याच्या माइकमधून तिकडं ऐकू गेले आणि चारही पोरी जमिनीवर आडव्या झाल्या. बिबट्या गेला उसातून निघून, इकडं टोळी हरली.

मग एका सकाळी तो पायरीवर येऊन बसला आणि आपण होऊन बोलला. "काल गेममधी ती एका भिंतीमागं लपली व्हती. मी तिच्याजवळ गेलो. तर हळूच म्हनली, पप्पा, मला हितं करमत न्हाई."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हनलं, डावीकडनं दोघं येत्यात, तू बस, मी बघतो. मंग लई रडली. सगळं सांगितलं तिनं. वर्गात कसं एकटं वाटतं, घरची कशी आठवण येती. तोंडावर न्हाई बोलत ती, बाळू. भिंतीमागं बोलती."

मी त्याला चहा पाजला.

आणि त्यानंतर महिन्याभरातच त्या गेमवाल्या कंपनीनं लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. गेममध्ये चोऱ्यामाऱ्या करणारे पकडायला त्यांनी नवा पहारेकरी प्रोग्रॅम बसवला होता. तो पहारेकरी तुमच्या मशीनच्या आतल्या खोलीपर्यंत शिरणार, आणि लिनक्सवर त्याला तसं शिरता येत नाही, म्हणून लिनक्सवरचे सगळेच बाद. मिलिंद दोन दिवस पायरीवरच होता. आत अंगठा देणारं कुणी नव्हतं तरी.

"दुसरा गेम खेळा की," मी म्हणालो.

"तिच्या मैत्रिणी ह्योच खेळत्यात. दुसरा गेम म्हंजी ती आन् मी समोरासमोर. मंग पुन्हा जेवली का, हो, बरं मंग."

"मग घे ना ते तिकडचं मशीन!"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी घाईघाईनं युरियाची गोणी सरळ करायला लागलो.

अर्ज लिहिण्यात मिलिंदचा हात धरणारा आमच्या टापूत कुणी नाही. त्यानं कंपनीला अर्ज लिहिला. "विषय: लिनक्स वापरकर्त्यांचा गेममधील प्रवेश पूर्ववत करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक सादर करतो की..." खाली "अर्जदार" आणि सही. मोबाइलनं त्याचं इंग्रजी केलं. सोबत आधारची झेरॉक्स स्वसाक्षांकित करून जोडली, कारण तिच्याशिवाय अर्ज पाठवायची त्याच्या हाताला सवयच नाही. उत्तर आलं नाही. तेव्हा मिलिंद म्हणाला, एकट्या मानसाचं कुनी ऐकत न्हाई, ग्रामसभेत विषय घेऊ.

आणि घेतला की! गटाराचा विषय झाला, बिबट्याच्या पिंजऱ्याचा झाला, आणि मग सरपंचांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचलं, "लिनक्सवरील बंदी उठवणेबाबत." सभा एकदम जागी झाली.

"कशावरची बंदी?" मागून एकानं विचारलं.

"अमेरिकेतल्या कंपनीनं आपल्या मिलिंदभाऊला काढलंय," सरपंच म्हणाले.

"नोकरीतनं?"

"खेळातनं."

"का म्हनून काढलं? आपला मानूस काय लबाड हाये का?"

बस. मुद्दा इज्जतीचा झाला. आंबेगावच्या डोंगरातून आमच्या गावात जावयाकडे आलेले एक पाहुणे होते, त्यांना मताचा अधिकार नव्हता, तरी त्यांनी हात वर केला. एक बाई उठून म्हणाल्या, की ठरावात पिण्याच्या पाण्याचंही टाका, अमेरिकेला जातोयच तर. सूचक म्हणून मिलिंदच्या आईचं नाव लागलं. अनुमोदक मी. मला विचारलं नव्हतं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि गोल शिक्का मारून अमेरिकेला ईमेलनं गेला.

या खेपेला उत्तर आलं. दोनच ओळी, यंत्रानं पाठवलेल्या. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आम्ही सतत सुधारणा करत असतो. मिलिंदनं वाचलं आणि फोन खिशात टाकला. पण सरपंचांनी त्याचा स्क्रीनशॉट मागून घेतला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी जोडलेल्या हातांची, वर केलेल्या अंगठ्यांची चित्रं टाकली.

पुढच्याच्या पुढच्या शनिवारी दुकान लवकर बंद. मिलिंदच्या घरातून त्याचा ओरडा, "डावीकडं! अगं डावीकडं!" गावाला आणखी काय पाहिजे? हायवेच्या कडेला फ्लेक्स लागला. वर सरपंच, मधे मिलिंद, खाली सगळे सदस्य, आणि अक्षरं हीऽ एवढी: "आमच्या ठरावापुढे अमेरिका झुकली!" मिलिंदनं त्या रस्त्यानं जायचंच सोडलं. लोक हार घालायला आले तर हा संडासात जाऊन बसला.

मला शंका आली. त्याच्या घरी गेलो, तर मशीन चालू होतं आणि पडद्यावर तिकडच्या मशीनवरचे ते चार निळे चौकोन. मी विचारायच्या आत तोच म्हणाला.

"एका कोपऱ्यात टाकलंय. वेगळी डिस्क. बाकीच्याला त्याचा वारा लागू दिला न्हाई."

"आणि तो पहारेकरी?"

"हिंडतोय आत. हिंडू दे." खाली मान घालून तो कीबोर्डवरची धूळ पुसत राहिला. "तिला म्हनलोय, ठरावानं झालं. लहानपनापासून तिला सांगत आलोय, आपन कुनापुढं वाकायचं न्हाई. तिला खरंच वाटतं, आपला बाप वाकत न्हाई. तू सांगू नको."

मी त्याची आजवर इतकी टर उडवलीय, पण त्या वेळी मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि ठेवला.

सुट्टीला प्रज्ञा आली. माझ्या दुकानात आईसाठी गुलाबाचं खत न्यायला आली होती. मी आपलं सहज म्हणालो, "काय मग, ठरावानं काम केलं म्हणायचं तुमचं."

ती हसली. बाहेर बघून घेतलं, पप्पा नाहीत ना.

"काका, पहिल्याच दिवशी कळलं मला. मधीच त्यांच्या माइकमधून टुंग असा आवाज आला. लिनक्स तसं वाजत न्हाई. मी वाढले त्या मशीनशेजारी, मला न्हाई का कळणार?"

"मग बोलली नाहीस त्यांना?"

"बोलले तर पप्पा त्याच दिवशी ते काढून टाकतील." खताची पिशवी तिनं उचलली. "तो आवाज आला की मी मोठ्यानं बोलायला लागते, म्हंजी मैत्रिणींना ऐकू जायला नको. त्या विचारतील ना पप्पांना."

पैसे देऊन ती निघाली. पायरीवरून वळून म्हणाली, "काका, तुमी बी सांगू नका हां."

नाही सांगितलं. शनिवारी दुपार कलली की हल्ली मीच मिलिंदच्या दुकानात डोकावतो आणि म्हणतो, जा आता घरी, वहिनी बघतील इथलं, पोरगी वाट बघत असेल.