हक्क, असल्यास

कागद कसा वाचावा हे शिकायचं असेल, तर माझ्याकडे या! कचेरीत मी आवक-जावक विभागाचा हेडक्लार्क आहे. सव्वीस वर्षांत एकही कागद न वाचता माझ्या टेबलावरून पुढे गेलेला नाही. काही तर वाचूनही पुढे गेलेले नाहीत. त्यामुळे मेव्हण्याने मागच्या खोलीचा विषय काढला, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "वकील कशाला हवा? मी बसलोय ना घरात!"

"तेच तर," ती म्हणाली.

आमच्या घराला मागून चिकटून एक खोली आहे. ही सगळी जागा मूळची सासऱ्यांची. लग्नानंतर पुढचं घर त्यांनी आम्हाला लिहून दिलं. मागच्या खोलीत एक शिंपीमास्तर मशीन घेऊन बसतात; ते भाडेकरू असणार, असं मी आपलं धरून चाललो होतो. मला त्या खोलीची निकड होती. माझ्या जुन्या फायली आमच्या पलंगाखाली असतात आणि या महिन्यात त्या हलल्या नाहीत तर रद्दीवाल्याला बोलावीन, अशी तंबी बायकोने दिली होती. सव्वीस वर्षांची आवक-जावक!

अशा वेळी मेव्हणा देवासारखा धावून आला.

"भाऊजी, बाबांच्या मागे ती खोली माझीच की! माझा जो काय हक्क आहे तो तुम्हाला सोडून देतो. हक्कसोडपत्र करा, मी डोळे मिटून सही करतो. तुम्ही फक्त ती स्कूटर मला द्या."

स्कूटरला किक मारून मारून माझा गुडघा गेला होता. सौदा झकास होता!

आता आमच्या खात्याची एक रीत सांगतो. आम्ही नवीन पत्र कधी लिहीत नाही. मागचं पत्र घ्यायचं आणि नाव-तारीख बदलायची. हक्कसोडपत्राचा एक जुना नमुना मिळाला. जागेचं वर्णन हवं होतं, म्हणून बायकोकडे घराचे कागद मागितले. तिने कपाटातून एकच पान काढून दिलं, ज्यावर चारी बाजूंना काय आहे ते लिहिलेलं असतं. "एवढंच लागेल तुम्हाला," म्हणाली. ते मी उतरवून काढलं. खोलीपुरता बदल मागाहून करू म्हटलं आणि अक्षर इतकं सुंदर आलं की मागाहून काही करवेना.

नोंदणी कचेरीबाहेरच्या कागद लिहिणाऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, यात 'माझा जो काही हक्क असेल, असल्यास, तो सोडत आहे' असं आहे. हक्क आहेच, असं कुठंच म्हटलेलं नाही. जागेचा शोध घेतलात का?"

"अहो, घरातला माणूस आहे!"

"मग तर घ्याच," तो म्हणाला.

त्याला कायद्याची भाषा काय कळणार? आत तर कुणी काहीच विचारलं नाही. तिथे जागा कुणाची हे बघत नाहीत, अंगठा नीट उमटला का ते बघतात. आमचे दोघांचे अंगठे उत्तम उमटले. मेव्हणा स्कूटरवर बसून गेला आणि मी नवं कुलूप घेऊन थेट मास्तरांच्या दारात उभा राहिलो.

"मास्तर, महिनाभराची मुदत देतो. मी कठोर माणूस नाही."

मास्तरांनी गळ्यातली टेप सारखी केली, खणातून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. रीतसर खरेदीखत! ही खोली सासऱ्यांनीच त्यांना एकोणीस वर्षांपूर्वी विकलेली. मग त्यांनी माझा कागद वाचायला घेतला. शिंपी माणूस, ओळ न् ओळ मापून वाचली.

"साहेब, पण यात माझी खोली नाहीच. पूर्वेला रस्ता, उत्तरेला विहीर, पश्चिमेला शिंप्याची खोली. हे तर तुमचंच घर!"

म्हणजे मेव्हण्याने त्याचा नसलेला हक्क सोडला होता आणि तोही माझ्याच घरातला! वर माझी स्कूटर घेऊन!

मी तसाच त्याच्या घरी जाऊन थडकलो. "चोरा! खोली तुझी नव्हतीच!"

"भाऊजी, आवाज कमी. मला वाटलं होतं, आहे. शिवाय कागदावर 'असल्यास' लिहिलंय, तुमच्याच अक्षरात. नव्हता, तर नव्हता. यात मी फसवलं कुठं?"

"माझी स्कूटर परत दे!"

"देतो की. तुम्ही कागद उलटा करून द्या. तुम्ही मला, जसाच्या तसा. फिटंफाट!"

जसाच्या तसा! हे तर माझं रोजचं काम. तिथेच बसून मी मागचा कागद घेतला, फक्त नावं अदलाबदल केली. दुपारी कचेरी बंद व्हायच्या आत अंगठेही झाले. बाहेरच्या कागद लिहिणाऱ्याने मला नमस्कार केला. तो आदराने केला असावा, असं तेव्हा वाटलं.

स्कूटर ढकलत घरी आलो. "काढली की नाही परत?" असं म्हणत बायकोसमोर कागद ठेवला. ती सावकाश वाचते. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "अहो, या घरातला तुमचा सगळा हक्क तुम्ही माझ्या भावाला देऊन आलात?"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. सरकली म्हणजे काय, मीच ती दुपारी नोंदवून सरकवली होती! त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्याच्या कागदाने मला काही मिळालं नाही. माझ्याकडे घर होतं. तोच कागद, तेच अक्षर, आणि घर गेलं!

इतक्यात मेव्हणा दारात. त्याच्या मागे टेप घेऊन शिंपीमास्तर.

"ताई, घाबरू नकोस, तुला मी काढणार नाही. भाऊजींचं बघू. मास्तर, या खिडकीचं माप घ्या. पडदे मला निळे हवेत."

"अरे, मी तुझ्या पाया पडतो..." मी खरोखरच वाकलो. गुडघ्याने साथ दिली नाही, म्हणून अर्ध्यातच राहिलो.

बायको शांतपणे उठली. कपाटातून उरलेली पानं आणून तिने भावाच्या हातात दिली. "मोठ्याने वाच."

मेव्हण्याने वाचलं. सासऱ्यांनी हे घर "माझ्या मुलीस" लिहून दिलं होतं. फक्त मुलीस! माझं नाव कुठेच नव्हतं.

"हे कसं शक्य आहे?" मी ओरडलो. "मी स्वतः सही केली होती!"

"शेवटचं पान बघा," बायको म्हणाली.

शेवटच्या पानावर माझी सही होती. साक्षीदार क्रमांक दोन.

मेव्हणा मटकन खाली बसला. "म्हणजे स्कूटर परत देऊन मला मिळालं काय?"

"मला मिळालं होतं तेवढंच!" मी म्हणालो. माझं नसलेलं घर वाचल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

मास्तरांनी टेप गुंडाळली. बायकोने माझ्यासमोर एक कोरा कागद सरकवला.

"लिहा. पलंगाखालच्या जागेत माझा जो काही हक्क असेल..."

"असल्यास," मी म्हणालो आणि सुंदर अक्षरात लिहून दिलं. सही करण्यापूर्वी दोनदा वाचलं. कागद निर्दोष होता.