जावईबापूंचे गुरुवर्य

हे सगळं २०११ सालचं. फोन तेव्हा नुकते शहाणे होऊ लागले होते. माणसांना तशी घाई नव्हती.

त्या साली दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने चांगली नोकरी सोडली. कारण काय, तर त्याला ओपन सोर्स प्रोग्रॅम लिहायचा होता. म्हणजे आपण लिहायचा आणि इंटरनेटवर उघडा ठेवायचा; ज्याला हवा त्याने फुकट न्यावा, चुकला असेल तर सुधारावा. ठेवून चार महिने झाले. न्यायला कोणी आलं नाही, सुधारायला तर नाहीच. रस्त्याकडेला ठेवलेली मोडकी खुर्चीसुद्धा संध्याकाळपर्यंत कोणीतरी उचलतं.

प्रोग्रॅम पेशंटना वेळा देण्याचा होता, आणि चालवून बघायला हक्काचा दवाखाना एकच. तिथे कोणी आपली वेळ रद्द केली, की प्रोग्रॅम ती उदार मनाने दोघांना देऊन टाकी. मग बाहेरच्या बाकावर एक सुजलेला गाल दुसऱ्या सुजलेल्या गालाशी भांडत बसे. दोघांनाही धड तोंड उघडता येत नसल्याने भांडण लांबे.

"पेशंट समोरच्या दवाखान्यात जायला लागलेत," डॉक्टरीणबाईंनी एका रविवारी जेवताना सांगून टाकलं. "महिनाअखेरपर्यंत हे नीट कर. नाहीतर मी आपली जुनी वही काढते आणि तू नोकरी शोध. माझ्या एकटीच्या जिवावर किती दिवस चालायचं?"

"अगं, मला फक्त एक गुरू हवाय. योग्य गुरू भेटू दे, मग बघ."

त्या दिवशी तिचे वडीलही जेवायला होते. पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनियर. निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा क्लास केला होता, आणि तेव्हापासून जगात अज्ञान फार माजलंय असं त्यांना दिसू लागलं होतं.

"जावईबापू, गुरू शोधायला निघालात, ठीक. पण शिष्याची काही लायकी लागते की नाही?"

"लागते ना, बाबा. तीन महिन्यांच्या क्लासवर गुरूसुद्धा होता येत नाही."

"होऊन दाखवू?"

"दाखवाच!"

"अजून काही वाढू का कोणाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कोणी ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी दोघांनी, आपापल्या घरी बसून, एकाच संकेतस्थळावर नाव घातलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या नवशिक्यांना गुरू मिळवून देणारी ती जागा. नियम एकच: प्रत्येकाने एक गुरू करायचा आणि एक शिष्य सांभाळायचा, म्हणजे विद्या वाहती राहते. खरं नाव सांगायचं नाही. गुरू म्हणून एक टोपणनाव घ्यायचं, शिष्य म्हणून दुसरं. सासरे गुरू म्हणून 'शिखर' झाले आणि शिष्य म्हणून 'पायरी'. जावई गुरू म्हणून 'सागर' आणि शिष्य म्हणून 'थेंब'. विनय दोघांकडेही होता, फक्त टोपणनावापुरता.

जोड्या यंत्र लावत असे. त्या दिवशी मराठीतून नाव घालणारे हे दोघेच. यंत्राने थेंब शिखराच्या पदरात टाकला आणि पायरी सागराच्या. म्हणजे सासरे-जावई एकमेकांचे गुरू झाले आणि एकमेकांचेच शिष्य, अन् पत्ता दोघांनाही नाही.

थेंबाने शिखराला लगेच लिहिलं, 'रद्द झालेली वेळ दोघांना जाते. काय करावं?' सासऱ्यांच्या कानांवर ही भानगड जेवताना पडली होती. पण जावयाचं बोलणं ऐकायची त्यांना सवयच नव्हती. प्रश्नातलं ओ की ठो कळेना. गुरूने 'येत नाही' म्हणायचं कसं? त्यांनी पायरी होऊन तोच प्रश्न जसाच्या तसा सागराला विचारला.

"बघ, बघ!" जावई बायकोला म्हणाला. "माझ्या शिष्यालाही हेच अडलंय. म्हणजे जगाचाच प्रश्न आहे हा."

"मग सांग ना त्याला उत्तर."

"मला येत असतं तर! पण शिष्याला तसं सांगायचं नसतं." आणि त्याने ठोकून दिलं: 'एका खुर्चीत एकच माणूस बसतो, हे ज्याला संगणकाला पटवता येत नाही, त्याने आधी स्वतः खुर्चीत नीट बसायला शिकावं. विचार कर.'

दुसऱ्या दिवशी शिखराचं उत्तर आलं. काना-मात्रेचा फरक नव्हता.

"अरे, हे तर तूच काल लिहिलंस."

"तेच तर! त्यांच्या मनात आलं ते माझ्या मनात आलं, आणि तेही आधी. कुठवर पोचलोय बघ मी!"

डॉक्टरीणबाईंना वडिलांचं 'होऊन दाखवू?' आठवलं आणि त्या तडक माहेरी गेल्या.

"ये, ये. आमच्या सागरगुरुजींनी काय फटकावलंय वाच," वडील म्हणाले. "तेच मी माझ्या शिष्याच्या तोंडावर मारलं. गुणी आहे हो पोर. उलटून बोलत नाही. नाहीतर तुझा नवरा."

तिने पडद्यावर पाहिलं. शिष्याचं नाव थेंब. कीड नेमकी कुठल्या दाढेत आहे ते दिसलं. उपटावी, असं वाटलंही. पण महिना संपत आला होता आणि बाकावर आता सुजलेला गाल एकच उरला होता.

"बाबा, हा थेंब पोटापाण्याचं काय करतो?"

"काही नाही. बायकोच्या जिवावर खातो म्हणे."

"मग गुरू म्हणून तुम्ही बोलणार की नाही? ऐकेल तो तुमचं?"

"ऐकेल म्हणजे? माझ्या शब्दाबाहेर नाही!"

संध्याकाळी नवरा गंभीर चेहऱ्याने दारात उभा. "गुरुजींची आज्ञा झाली. आधी नोकरी, मग विद्या. उद्यापासून शोधतो."

"मी चार महिने दुसरं काय सांगत होते?"

"तुझं सांगणं वेगळं, अगं. ते अधिकारी पुरुष आहेत."

त्याला एका विमा कंपनीत नोकरी लागली. तिथून तो पुढे सुखाने निवृत्त झाला. दवाखान्यात वही परतली आणि तिच्यामागून पेशंट. मग डॉक्टरीणबाईंनी सागराकरवी पायरीला समज देववली, की लेकीच्या घरी जेवावं, जावयाला टोचू नये. वडिलांनी ती मरेपर्यंत पाळली. प्रोग्रॅम अजून इंटरनेटवर उघडाच आहे, दोघांना एक वेळ देत.

सासरे २०१७ साली गेले. जावयाने सगळं रीतीने केलं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. संध्याकाळी पोटभर जेवला. पण त्याच आठवड्यापासून शिखराची उत्तरं येईनात, तेव्हा मात्र त्याच्या घशाखाली घास उतरेना.

"असा एक माणूस आपल्या घरात असता ना," ताट बाजूला सारत तो बायकोला म्हणाला, "तर मी कुठच्या कुठे गेलो असतो."