रतनजीबापांचं पोट

रतनजीबापांना "काय, बरं आहे ना?" असं विचारायची चूक कळसाडीत फक्त नवा माणूस करायचा. मी शाळेवर मास्तर म्हणून हजर झालो आणि पहिल्याच सकाळी ती केली. बापा ओट्यावर दातण करत बसले होते. त्यांनी मला शेजारी बसवलं, चहा मागवला आणि पहाटे पोट कितपत साफ झालं, कुठं अडलं, रंग कोणता, हे सगळं कापसाच्या बोंडांबद्दल बोलावं तितक्या मोकळेपणानं सांगितलं. चहा काही माझ्याच्यानं प्यायला गेला नाही.

पोट बापांना छळायचं आणि बापा डॉक्टरांना. नंदुरबारच्या एका डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली, तर यांचा सवाल, लाल का? डॉक्टर म्हणाले, चवीसाठी. झालं! बापांनी समजल्याशिवाय औषध न घेण्याचा नेहमीचा हेका धरला, "आधी समजाडा, मंग लेसू." चव जिभेची, दुखणं खाली, मग मधल्या वाटेत हा रंग करतो काय? अक्कलकुव्याच्या वैद्यबुवांना तर त्यांनी त्यांचंच चूर्ण आधी खायला लावलं. बुवांनी खाल्लं आणि पुन्हा येऊ नका म्हणून हात जोडले.

एका सकाळी मी सवयीनं चौकशी केली, तर बापा नुसतं "बरं शे" म्हणाले. मी तिथंच ओट्यावर बसलो. खोदून विचारलं तेव्हा कळलं, रक्त पडतंय, आणि ऐन वेचणीत शेतापर्यंत चालवतही नाही. माणूस हातचा जातो की काय, या भीतीनं मी त्यांचीच गाडी जुंपून त्यांना शहाद्याला नेलं. बैल मी हाकले म्हणायचं. खरं तर वाट बैलांनाच ठाऊक होती.

डॉक्टर तरुण होते, दवाखाना खच्चून भरलेला. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि सुई उकळायला सांगितली. बापा सरळ टेबलावर आडवे झाले, सदरा वर केला आणि म्हणाले, "हात लावा." लक्षणांवरून कळतं मला, डॉक्टर म्हणाले. बापा हलेनात. मागचे पेशंट कुरकुरायला लागले, मी तर लाजेनं अर्धा झालो. शेवटी वैतागून डॉक्टरांनी पोट दाबायला घेतलं. डाव्या बाजूला खाली हात गेला आणि बापा कळवळले. डॉक्टरांचा वैताग तिथंच संपला. त्यांनी खुर्ची ओढून सगळं नव्यानं विचारलं आणि शौचाचा नमुना तपासायला घेतला. बापा तर खुलले. इतकं मन लावून ऐकणारा त्यांना जन्मात भेटला नव्हता. निघाला जुना, आतड्यात मुरलेला आमांश. वेळेवर आलात, बरा होईल, असं डॉक्टर म्हणाले. सुया कसल्या, तिखट का बंद, हेही त्यांनी आपणहून समजावलं. बापांनी निमूट सुई घेतली.

परतताना मी चिडूनच म्हटलं, बापा, भरल्या दवाखान्यात हुज्जत कशाला घालायची?

बापांनी कासरा माझ्या हातातून घेतला. मग बायकोबद्दल पहिल्यांदाच बोलले. ती पोटाच्या दुखण्यानं गेली, एवढंच मला माहीत होतं. घरच्या रीतीप्रमाणे बाई परक्या पुरुषापुढे तोंड उघडत नसे. म्हणून ती बाहेर पडदा लावलेल्या दमणीत, बैलगाडीतच बसून राहिली आणि तिचं दुखणं बापांनी दवाखान्यात जाऊन सांगितलं. तेव्हाच्या डॉक्टरांनी तिला न बघता पुड्या बांधून दिल्या. बापांनी त्या एक शब्द न विचारता घेतल्या. पुड्या संपायच्या आत ती गेली.

मला फार वाईट वाटलं. तुमचा काय दोष, डॉक्टरांनी बघायला हवं होतं, असं काहीतरी मी बोललो.

बापांनी मान हलवली. "मी डाक्टरले सांगी दिधं, थोडं दुखस म्हनीसन," ते म्हणाले. "गुरुजी, मी तिले इचारंच नही."