अखंड प्रवासाचे चौदा थांबे

वाचकहो, वेळापत्रक कसे आखावे हे या महाराष्ट्रात फार थोड्यांना कळते आणि त्या थोड्यांत माझा क्रमांक पहिला आहे, हे विधान मी पूर्ण विचारांती करीत आहे! वाशीमच्या महाविद्यालयात मी गेली सत्तावीस वर्षे इतिहास शिकवतो. या अवधीत माझा एकही तास मिनिटभरसुद्धा उशिरा सुरू झालेला नाही. विद्यार्थी उशिरा आले, पुष्कळदा आलेच नाहीत. तास मात्र वेळेवर सुरू झाला.

म्हणूनच रत्नागिरीच्या चर्चासत्राचे निमंत्रण आले तेव्हा मला प्रवासाची चिंता नव्हती. चिंता होती ती प्रा. साखळकरांची.

हे साखळकर रत्नागिरीचेच. गेली सहा वर्षे ते नियतकालिकांतून असे प्रतिपादन करीत आले आहेत की, विदर्भातून पश्चिम किनाऱ्याकडे निघालेले प्राचीन व्यापारी तांडे महिनोन्‌महिने रखडत, कारण वाटेतल्या गावांचा पाहुणचार नाकारणे त्यांना शक्य नसे. या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ त्यांच्यापाशी दोन ताम्रपट आणि एक मंद स्मित आहे. माझे मत याच्या अगदी विरुद्ध. व्यापारी हा विवेकी प्राणी होय. बैलावर माल लादला की तो किनारा दिसेपर्यंत थांबत नाही! हे मी एकतीस पृष्ठांत सिद्ध केले होते. शनिवारी सकाळी अकराच्या सत्रात आधी साखळकरांनी आणि लगेच मी चाळीस मिनिटे बोलायचे आणि सभेत जो पूर्ण वाचला जाईल तोच निबंध चर्चासत्राच्या ग्रंथात छापायचा, असे संपादकांनी कळवले होते. थोडक्यात, मी पोहोचलो नसतो तर पुढच्या पिढ्यांनी साखळकरांना खरे मानले असते. कल्पनेनेही माझ्या अंगावर काटा येई.

मी एकटाच रेल्वेने जाणार होतो. पण पत्नीने, साधनाने, पिशवी दारात आणून ठेवली.

"तुमी समुद्र पाहाल आन मी काय इथं शेवया वळत बसू?"

साधना येणार म्हटल्यावर तिचे वडील बबनराव केनवडहून निघाले. वय बहात्तर, समुद्र कधीच पाहिलेला नाही आणि दारात बोलेरो. बोलेरो आली म्हणून ती चालवायला मेव्हणा हरीओम आला. मी शांतपणे नवे वेळापत्रक टंकलिखित केले. गुरुवारी पहाटे पाचला प्रस्थान. समृद्धी महामार्गाने इगतपुरी. रात्री आठला रत्नागिरी. शुक्रवार समुद्रास, शनिवार साखळकरांस!

समृद्धीची निवड मी हेतुपुरस्सर केली होती. दोन्ही बाजूंना कुंपण. वाटेत गाव नाही, फाटा नाही, हात दाखवणारा मामा नाही. नातेवाईक या जमातीला तेथे कायद्यानेच मज्जाव! मी त्या कागदाची एक प्रत सासऱ्यांच्या मोबाइलवर पाठवली आणि मिनिटाच्या हिशेबाने ठरलेल्या पहाटे पाचला, म्हणजे सहाला, आम्ही निघालो.

मेहकरजवळ आलो तोच मागून आवाज आला, "हरीओम, इथून खाली घे बे."

"कशासाठी?" मी विचारले.

"पंचफुला उभी असन नं!"

"तुमच्या भगिनी? त्यांना काय ठाऊक आपण कधी येणार ते?"

"तुमचाच तं कागद टाकला म्या ग्रुपवर," बबनराव अभिमानाने म्हणाले. "वर लिवलं, जवाईबापू कोकनात भाषनाले जाऊन राह्यले. आन निंघाले उशीर झाला तं हेबी लिवलं, सारा टाइम एक घंटा पुढं सरकवा!"

त्या ग्रुपचे नाव 'सोयरे परिवार'. सभासद दोनशे अकरा! माझे वेळापत्रक मिनिटामिनिटाचे होते. कोणत्या निकासमार्गावर मी किती वाजून किती मिनिटांनी असेन, हे आता महाराष्ट्राच्या रुंदीभर पसरलेल्या दोनशे अकरा माणसांना तोंडपाठ होते. शत्रूच्या हाती नकाशा पडावा तसा माझा कागद सोयऱ्यांच्या हाती पडला होता!

पंचफुलाआत्या खरोखरच ताट घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. हातातल्या मोबाइलवर वेळ पाहत त्या उद्गारल्या, "सात बेचाळीस म्हनजे सात बेचाळीस! जवाई असावा तं असा!"

कपाळी कुंकू, त्यावर तांदूळ. खांद्यावर दुपट्टा, डोक्यावर टोपी, हातात नारळ. साधनाची ओटी भरली, तिलाही नारळ. मी घड्याळ दाखवून चहा नाकारला. अंगणात अशी शांतता पसरली, जशी निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराच्या घरी पसरते.

साधना माझ्या कानाशी पुटपुटली, "तुमी नाही म्हनले तं बाबाले तोंड दाखवाले जागा राह्यनार नाही. घ्या मुकाट्यानं!"

मी चहा घेतला. पोहेही घेतले. आत्याच्या सुनेने माझे खातानाचे छायाचित्र काढून ग्रुपवर टाकले आणि तेथून अनर्थाला गती मिळाली.

सिंदखेडराजाला बबनरावांचे जुने मित्र गोविंदसिंग वाट पाहत होते. मी म्हणालो, "केवळ चहा."

"केवळ चहा?" त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "हे पाहा! मेहकरले पोहे खाऊन राह्यले तुमी! मंग आमच्या घरानं काय घोडं मारलं?"

म्हणून पोहे आणि वर शिरा. छायाचित्र! पुढच्या घरी शिरा आणि वर भजी. छायाचित्र! त्याच्या पुढच्या घरी भजी, कढी आणि पुरण. प्रत्येक घर आधीच्या घराचे ताट पाहून आपले ताट वाढवीत होते. राष्ट्रे शस्त्रस्पर्धेत गुंततात तशी ही माणसे गुंतली होती; फरक इतकाच की सारा दारूगोळा माझ्या पोटात साठत होता.

आणि नारळ! दर घरी दोन. मानाचे नारळ वाटेत फोडायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत, पायाखाली येऊ द्यायचे नाहीत. मी एक हळूच कठड्यावर ठेवला, तर हरीओमने धावत जाऊन तो परत आणला.

"भाऊजी, हा इसरलेच होते तुमी!"

जालन्याला हिरीबाई मावशींनी बोलेरोची चावी पिठाच्या डब्यात पुरली आणि डब्यावर स्वतः बसल्या. "जवाई पयल्यांदा आला आन जेवल्याबिगर जाईन? माह्या जीवात जीव हाय तोवर नाही!" गुरुवारचा मुक्काम अशा रीतीने जालन्यास पडला. वेळापत्रकानुसार त्या वेळी मी रत्नागिरीत लाटांचा आवाज ऐकत होतो.

शुक्रवारी मी सासऱ्यांना निक्षून सांगितले, "आता एकही थांबा नाही. उद्या अकराच्या सत्रात माझा निबंध आहे. हा माझ्या सहा वर्षांचा प्रश्न आहे!"

"बरोबर हाय तुमचं," ते गंभीरपणे म्हणाले. "फक्त वैजापूरले दोन मिनिट. सेवादास रुसन नाहीतं."

वैजापूरजवळच्या त्या वस्तीत मंडप दिसताच मी हाय खाल्ली. हे आता मंडप घालू लागले! आम्ही उतरलो आणि सनई सुरू झाली. सातव्या दुपट्ट्यात गुंडाळलेला, टोपी घातलेला, कपाळी तांदळाचे शेत पिकलेला आणि दोन्ही हातांत नारळ घेतलेला मी! मला गादीवर नेऊन बसवले. समोर तीस-चाळीस मंडळी अदबीने बसली आणि एका वृद्धाने विचारले, "मंग, तुमच्याकडचं म्हणणं काय आहे?"

या प्रश्नाची मी सहा वर्षे वाट पाहत होतो! कोणीतरी माझे म्हणणे विचारले होते. मी पिशवीतून निबंध काढला आणि प्रास्ताविकासह पहिली अकरा पृष्ठे वाचून दाखवली. मंडळी तल्लीन झाली. "विवेकी व्यापारी आपला शब्द आणि आपला मार्ग सोडत नाही," या वाक्याला तर टाळी पडली. वृद्धाने डोळे पुसले.

"माणसं शिकलेली आहेत. आमची पसंती आहे! पोरीला बोलवा!"

रुचिका नावाची मुलगी पोह्यांचे ताट घेऊन बाहेर आली तेव्हा साधना किंचाळली, "अहो बाबा, सेवादासमामाचं घर पलीकडलं हाय! इथं तं पोरगी पाहून लगेच साखरपुडा हाय कोनाचा!"

त्याच क्षणी खरी वरपक्षाची गाडी दारात थांबली. पुढील संभाषण मी येथे देत नाही. त्यातील काही शब्द कोशातही सापडत नाहीत. नवऱ्या मुलाचा मामा मला एवढेच विचारीत होता की, माझे लग्न झालेले असताना मी इथे काय वाचीत आहे? तरीही निघताना त्यांनी आम्हांला दोन नारळ दिलेच. सेवादासांनी हे कुंपणावरून पाहिले आणि चार दिले.

शुक्रवारचा मुक्काम पनवेलला, साधनाच्या आतेबहिणीच्या जावेच्या माहेरी. मी आता विरोध सोडला होता. शनिवारी पहाटे चारला मी स्वतः बोलेरोत जाऊन बसलो आणि पुढे कोणाचा उंबरा ओलांडला नाही. कोकणात, ईश्वराची कृपा, आमचा एकही सोयरा नाही!

नारळ मात्र होते. एकूण तीस. घाटातल्या वळणावर ते एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात आणि प्रत्येक वेळी माझा घोटा शोधून काढीत. एका चढावर मागचे दार निखळले आणि अकरा नारळ रस्त्यावरून रत्नागिरीच्या उलट दिशेने निघाले. बबनरावांनी गाडी थांबवून ते सर्व वेचले. चहाच्या टपरीवरला माणूस कंबरेवर हात ठेवून पाहत होता.

"काय हो, घाटावरून नारळ घेऊन कोकणात आलात? आमचे काय झाडावरून पळून गेले?"

"इकाले नाही आनले बावा!" बबनराव ताठ मानेने म्हणाले. "मानाचे हायेत!"

सभागृहाच्या दारात मी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून अडतीस मिनिटे झाली होती. एका स्वयंसेविकेने मला नखशिखांत न्याहाळले आणि मृदुपणे म्हटले, "काका, लोककला पथक दुपारी तीनला आहे. तिकडे मागे बसा, जेवणाची कुपनं मिळतील."

मी तिला माझी सत्तावीस वर्षे, तीन पुस्तके आणि एकतीस पृष्ठे सांगितली. तेवढ्यात व्यासपीठावरून साखळकर म्हणाले, "आता आपले वाशीमचे मित्र बोलणार होते. दुर्दैवाने ते आलेले दिसत नाहीत. वाटेत कुठे अडकले असावेत." आणि ते हसले! तेच मंद स्मित!

मी धावत व्यासपीठ गाठले. टोपी काढण्याचे भान उरले नव्हते. मी ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि सहा वर्षे तापवलेल्या थंड आवाजात पहिले वाक्य उच्चारले, "पाहुणचारामुळे प्रवास रखडतो हे मत बालिश होय. वाशीमहून किनाऱ्याकडे निघालेला विवेकी माणूस वाटेत कोठेही थांबत नाही!"

तोच मागच्या रांगेतून बबनराव उठले.

"जवाईबापू, काहून खोटं बोलून राह्यले? चौदा घरी थांबलो नं आपून!"

"बाबा, बसा खाली," साधना दातओठ खात म्हणाली.

"कायले बसू? तो मेहकरचा चहा, तो गोविंदसिंगचा शिरा, ते हिरीबाईचं पुरन, त्यायनं एवढा जीव लावला आन हे म्हनते थांबलोच नाही! सोयऱ्यायले काय वाटन?"

साखळकर खुर्चीवरून अर्धवट उठले होते. त्यांचे स्मित मावळले होते; त्या जागी मी पूर्वी कधी न पाहिलेला असा अस्सल, निर्मळ आदर होता. तो माझ्यासाठी नव्हता.

"बाबा," त्यांनी विचारले, "नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

"नाही म्हनताच येत नाही, गुरुजी! एका घरी थांबलं का दुसऱ्यानं काय पाप केलं? आन जेवढा मानूस मोठा, तेवढा उशीर जास्त. एकटा असतो तं म्या एका दिवसात येतो. जवाई सोबत हाय म्हनून तीन लागले!"

"दर्जा वाढला की विलंब वाढतो!" साखळकर वहीत भराभर लिहीत पुटपुटले. "हाच दुवा मला सहा वर्षे मिळत नव्हता! बाबा, पुढे या. इथे बसा. पाणी आणा रे!"

माझी चाळीस मिनिटे सासरेबुवा बोलले. तीनदा टाळ्या पडल्या. हिरीबाईंच्या पिठाच्या डब्याला तर सभागृह उभे राहिले. संध्याकाळी साखळकरांनी त्यांना स्वतःच्या मोटारीतून समुद्रावर नेले. साधना आणि हरीओमही गेले. बोलेरोचे मागचे दार लागत नसल्यामुळे नारळांपाशी कोणीतरी थांबणे आवश्यक होते. मी थांबलो. समुद्र कसा होता हे मला साधनाने सांगितले. लय मोठा होता, म्हणाली.

गेल्या महिन्यात तो ग्रंथ टपालाने आला. मी अनुक्रमणिका दोनदा पाहिली, मग सूची पाहिली. माझा निबंध त्यात नाही; पूर्ण वाचला गेला नव्हता, नियम तो नियम. मात्र मी त्या ग्रंथात अजिबात नाही असे कोणी म्हणू नये. साखळकरांच्या लेखाखाली, पृष्ठ दोनशे सातवर, बारीक टाइपात एक तळटीप आहे: 'ही निर्णायक माहिती केनवडचे ज्येष्ठ अभ्यासक श्री. बबनराव यांच्याकडून मिळाली. सोबत त्यांचे जावई होते.'