साबणाच्या डबीतला कॉम्प्युटर

डिसेंबरातला पहिला शनिवार, सकाळ. हजर: मी, आमचे हे, मुलगी ऋतुजा, आणि साबणाच्या डबीत कॉम्प्युटर घेऊन आलेले इंगळे भाऊ. गैरहजर: ऋतुजाचा लॅपटॉप. आदल्या दिवशी बंद केला तो पुन्हा सुरूच झाला नाही, आणि दहाला तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत. मोबाईल चालणार नाही, असं कंपनीने आधीच कळवलेलं.

इंगळे भाऊ मागच्या गल्लीत एकटेच राहतात. बुलढाण्यातच भूमी अभिलेख कार्यालयात होते, आता निवृत्त. त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढं एक हिरवं सर्किट. ना पडदा, ना बॅटरी. कीबोर्ड, माऊस, कॅमेरा आणि वायरी कापडी पिशवीत. साबणाच्या डबीला पाणी निथळायला भोकं असतात, त्यांतून आता गरम हवा निघते.

"वहिनी, लॅपटॉप म्हंजे नुसतं ओझं. हे हातात घेऊन पाहा. वजन हाय का काही?"

पडदा म्हणून ते दुसऱ्यांचे टीव्ही वापरतात. कोणाच्याही घरात शिरले की आधी टीव्हीच्या मागे डोकं घालतात, रामराम नंतर. एकदा दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, तर त्यांनी तिथल्या टीव्हीला डबी जोडून गावाकडच्या शेताचा सातबारा उघडला. सगळे पेशंट वाचायला लागले. एका बाईंनी तोंडातला थर्मामीटर काढून विचारलं, "हे इतर हक्कातलं नाव कोनाचं हो?" भाऊंनी सगळ्या खोलीला चुलत्यांची वंशावळ समजावून सांगितली. डॉक्टरही बाहेर येऊन ऐकत उभे राहिले.

"घरच्या टीव्हीले जोडत जा ना भाऊ," ह्यांनी एकदा सुचवलं.

"माह्या टीव्हीले वायर लावाची जागाच नाई. जुनं डबडं हाय थे."

म्हणून दर दोन-चार दिवसांनी ते आमच्याकडे. लाईट बिल पाहायचं, गॅस नोंदवायचा, मग चहा, मग गप्पा. ह्यांच्या बातम्या बुडायच्या. "आला वं तुमचा साबन!" असं हे मला आत येऊन सांगायचे.

त्या शनिवारी मात्र हेच त्यांना बोलवायला धावले.

साडेनऊला टीव्हीवर चित्र आलं आणि कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह लुकलुकायला लागलं. मग पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा.

"पोट भरून नाई राह्यलं त्याचं," भाऊ म्हणाले. "घाईत मोबाईलचा चार्जर आनला मी. असली चार्जर घरीच राह्यला."

"काऊन राह्यला?" हे ओरडले. ऋतुजा नखं खायला लागली होती.

"तुमी कॅमेरा धरा, मी जाते," मी ह्यांना म्हटलं. भाऊंनी किल्ली दिली. "पुढच्या खोलीतच हाय, टीव्हीपाशी."

मी जवळजवळ पळतच गेले. दार उघडलं आणि थांबले. समोर आमच्यापेक्षा मोठा, नवाकोरा टीव्ही. वर चिठ्ठी चिकटवलेली: "बाबा, वाढदिवसाच्या शुभेच्छा." बाजूला वायर लावायच्या तीन जागा, तिन्ही रिकाम्या. समोर एकच खुर्ची. चार्जर टीव्हीखालच्या फळीवर होता. तो उचलला आणि दार लावून निघाले.

मुलाखत वेळेवर सुरू झाली. पण आमच्या भिंतीतलं सॉकेट ढिलं. भाऊंनी प्लग बोटाने दाबून धरला आणि कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून कोपऱ्यात वाकून बसले. मी कुकरचा गॅस बंद केला. हे बाहेर जाऊन, कोणी बेल वाजवू नये म्हणून फाटकावर उभे राहिले. लाईट गेली तर? हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात फिरत होता. आत ऋतुजा इंग्रजीत बोलत होती, आणि ती हसून थांबली की भाऊ काही न समजता मान डोलवत होते.

संपलं तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येईना. ह्यांनी हात देऊन उठवलं.

"पोरगी कुठंच अडकली नाई," ते पाठ चोळत म्हणाले. "हं, आता चहा ठेवा."

त्यांच्या टीव्हीबद्दल मी ह्यांनाही बोलले नाही. भाऊंनी किल्ली परत घेताना माझ्याकडे पाहिलं नाही. "सापडला ना लवकर?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "हाव, समोरच होता."

ऋतुजाला नोकरी लागली. ती नागपूरला गेली, जाताना दुरुस्त झालेला लॅपटॉप घेऊन. घर एकदम शांत झालं. त्यातच ह्यांच्या मनात आलं, टीव्ही भिंतीवर लावू, खोली मोकळी दिसेल. स्टँड विकतही आणला, मिस्त्रीला बोलावून भिंतीला भोकं पाडायची तेवढी राहिली. दुकानदार म्हणाला, अगदी भिंतीला चिकटून बसतो, मागे बोटसुद्धा जात नाही.

मी कामं पडू देणारी बाई नाही. गहू निवडून झाले, गच्चीची टाकी धुतली, पडदे शिवून आले. हे रोज विचारतात, "मिस्त्रीले फोन केला का?"

मिस्त्रीला फोन करायचा राहिलाय.