खांद्यावरच्या हाताची मोहीम

ह्यूऑन नदीचे काठी लिटल डक बे ऐसा गाव, तेथील सभागृहाची कमिटी मायबाप, त्यांणी आज्ञा केली की, शरदात सभागृही कोलाजवाल्या कलावंतांचा जो मेळा भरला, त्यात गालिच्यावर डिंक कैसा सांडला आणि ऐन मेळ्यात चहा कैसा बंद पडला, याची खरी हकीकत लिहून देणे, कोणाची भीड न धरणे. त्यावरून सेवकाने जे डोळा पाहिले आणि जे स्वयंपाकघराचे खिडकीतून ऐकिले ते लिहिले असे. सेवक स्वतः कातरीवाला, सबब स्वजातीची निंदा येथे मोकळ्या मनाने केली आहे.

गावच्या कोलाज मंडळाच्या मुख्य ब्रायनी केस्टेव्हन, मोठ्या हिकमती आणि त्याहून मोठ्या बोलक्या, यांचे मनी आले की आपले नाव समुद्रापार गाजावे. मग मुलुखोमुलुखी खलिते धाडिले, आणि मग ऑकलंड, ओसाका, लिस्बन, घेंट ऐशा ठिकाणांहून नामांकित लोक पाती, चिमटे आणि कागदांची बोचकी घेऊन कूच करीत आले. वाटेत विमानतळी अंमलदारांनी एका बाईंचे चित्रावर चिकटविलेले सुके पान पाहिले आणि कीड येईल म्हणून ते खरवडून जप्त केले. बाईंनी ती रिकामी जागा तशीच ठेविली, चित्रास ‘सरहद्द’ ऐसे नाव दिले, आणि पानासकट जितका मान मिळाला नसता तितका पानावाचून मिळविला.

या लोकांची विद्या ऐसी की जुनी मासिके, शिवणाचे नमुने, पक्ष्यांची पुस्तके धुंडून आणावी, आणि मग कापावी, आणि मग एकाचे डोके दुसऱ्याचे धडावर बसवावे. प्रत्येकाजवळ पाकिटे असतात, एकात चंद्र, एकात डोळे, एकात हात. यांत हातांचा भाव फार. चंद्र हवे तितके मिळतात, परंतु मनाजोगता हात मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षे रद्दी उपसतात. आणि सभागृही मधोमध मोठे मेज मांडिले होते, त्याचा कायदा ऐसा की मेजावर जे आले ते कातरीचे, मग त्यास पूर्वीचा धनी नाही.

या कायद्याचे थोर भाष्यकार घेंटचे योस्त वेर्मारेन. अंगी काळा डगला, नाकावर गोल चष्मा, बोलणे सावकाश, जणू प्रत्येक शब्द कापून चिकटवीत असावे. यांणी पहिल्याच बैठकीत फर्माविले की, “चित्र कुणाचंच नसतं. जो कापेल त्याचं. कापणं म्हणजे चित्राला मोकळं करणं.” सर्वांनी माना डोलाविल्या. ज्यांस समजले नव्हते त्यांणी अधिक डोलाविल्या.

आता नोरीन टॅपिंग बाईसाहेबांचे वर्तमान. सभागृहाची किल्ली यांचे कमरेस, चहाची टाकी यांचे हुकुमात, आणि शिंपल्यांचे मसालेदार पाय यांचे हातचे (पाय म्हणजे आत सारण भरून भट्टीत भाजिलेला विलायती पदार्थ, चालावयाचे नव्हेत), ज्यांची तारीफ थेट होबार्ट शहरापावेतो. मेळ्यासाठी दानवस्तूंचे दुकानातून मासिकांची खोकी आली, ती बाई उघडीत असता एक जुने साप्ताहिक हाती आले, आणि बाई खुर्चीवर बसल्या त्या किती वेळ उठल्याच नाहीत. त्या अंकात त्यांची तसबीर होती. वय एकोणीस, गावचे सफरचंदाचे जत्रेत राणी, डोईस मुकुट, आणि डाव्या खांद्यावर एक हात. हाताचा धनी डेस, फळे खोक्यांत भरण्याचे पॅकिंग शेडमधला पोरगा. छापणाऱ्यांनी त्यास कडेने छाटिले, हात तेवढा उरला. पुढे तोच नवरा जाहला, आणि पुढील हंगामी फळे निवडण्याचे यंत्रात त्याच हाताची दोन बोटे गेली. घरचा अंक पुरात वाहून गेला होता, आणि गेल्या हिवाळ्यात डेसही गेले. पाच बोटांचा तो हात आता त्या एका पानावाचून जगात कोठेही नव्हता, आणि बाईंस तो हवा होता. यात समजावयास अवघड काही नाही.

बाईंनी अंक खिडकीत ठेविला, वर स्कोन नामे गोड पावांची बशी ठेविली, आणि सामान आणावयास गाडीकडे गेल्या. मग कोणा भुकेल्याने बशी उचलिली, आणि मग कोणा टापटिपीच्या माणसाने उघडा पडलेला अंक मोठ्या मेजावर नेऊन ठेविला. बाई परत येतात तो पानात कातरीने मोठे भोक पडले होते, आणि पलीकडे मुकुटासहित त्यांचे एकोणिसाव्या वर्षाचे तोंड एका देवमाशाचे धडावर बसून हसत होते.

देवमासा ऑकलंडच्या लुपे यांचा. मूळच्या टोंगाच्या, हसणे ऐसे की तावदाने वाजावी.

“हे तोंड माझं आहे, बाळा,” बाई म्हणाल्या.

“अगं बाई! आँटी, हे तुम्ही?” लुपेने तोंडावर हात धरिला. “आणि मी तुम्हाला देवमासा केलं!”

“शोभतोय. बायकोला देवमासा म्हणायची डेसची कधी छाती झाली नाही, तू करून दाखवलंस. पण खांद्यावरचा हात कुठाय?”

लुपेने तेच क्षणी आपले चित्र कापिले आणि तोंड बाईंचे स्वाधीन केले. ऐसे दिलदार माणूस या जातीत विरळा. हाताचा तपास करिता तो योस्तसाहेबांचे चित्रात सापडला. चहाच्या किटलीतून वर आला होता आणि चंद्र झेलीत होता. साहेबांची मुद्रा ऐसी की जन्माचे सार्थक जाहले.

मग ब्रायनीबाई वकिलीस गेल्या. साहेबांनी उत्तर दिले की, ऐसा पूर्ण, ऐसा बिनगर्वाचा हात आम्ही उभ्या कारकिर्दीत पाहिला नाही, तो काढिला तर चित्र मेले. आणि कातरीखाली आलेल्या कागदावर जुने नाते सांगणे हा अडाणीपणा. ब्रायनीबाईंनी सुचविले की हाताची झेरॉक्स काढून चित्रात लावावी आणि मूळ हात परत द्यावा. त्यावर साहेब ऐसे दचकले, जैसे कोणी सोवळ्यात शिवावे. झेरॉक्स म्हणजे मेलेला कागद, तो आमचे चित्रास लागणार नाही, ऐसे बजाविले. मग ब्रायनीबाई उलट पावली स्वयंपाकघरात आल्या.

“नोरीन, अगं, मग झेरॉक्स तू घेतेस का? अगदी हुबेहूब निघते.”

“म्हणजे मूळ त्याला आणि झेरॉक्स मला? नवरा कुणाचा होता गं?”

“तसं नाही, पण तो फार मोठा माणूस आहे. परत यायचा नाही इकडे.”

“मग तर जाण्याआधीच घ्यायला हवा,” बाई म्हणाल्या, आणि चहाच्या टाकीची कळ बंद केली.

येथून वेढ्यास आरंभ जाहला. स्वयंपाकघरास कुलूप पडले, रसद तुटली, आणि पायांचा घमघमाट तेवढा दाराखालून बाहेर येई, जो तोफांहून भारी. कलावंतांची दशा काय वर्णावी? ज्यांणी रूढी, बाजार आणि राष्ट्रे मोडावयाचे पण केले होते, ते चहावाचून भिंतीस टेकले. लिस्बनचे एक गृहस्थ ब्रश धुण्याचे पाणी चहा समजून प्याले, आणि मग थुंकावयास धावले, आणि धावता डिंकाचे मोठे भांडे लवंडिले. गालिच्याचे प्रकरण ते हेच. मग ज्यांणी कायद्यास माना डोलाविल्या होत्या तेच साहेबांस हळूच विनवू लागले की एक हात तो काय, देऊन टाकावा. परंतु साहेब पेट्रोल पंपावरची कॉफी पिऊन तग धरून राहिले, यावरून त्यांचा निग्रह समजावा.

मग प्रदर्शनाचा दिवस उगवला. गाव लोटला. चित्रे भिंतीस लागली, आणि किटलीतला हात मधोमध, त्याजवर दिवा. योस्तसाहेब भाषणास उभे राहिले आणि तेच तत्त्व पुनः मांडिले, की चित्र कोणाचे नसते, जो कापेल त्याचे. टाळ्या वाजत असता नोरीनबाई स्वयंपाकघरातून निघाल्या. हाती बेकन कापावयाची कात्री, चाल नेहमीची. गर्दीने वाट दिली, कारण लोकांस वाटले चहा आला. बाईंनी चित्र भिंतीवरून उतरविले, मेजावर ठेविले, आणि मनगटापासून हात कापू लागल्या.

“अहो! अहो, काय करताय? ते माझं आहे!” साहेब ओरडले.

कात्रीचा करकर आवाज तेवढा येत होता.

“आत्ता तर म्हणालात कुणाचंच नसतं,” लुपे म्हणाली.

बाई घाई न करिता बोटाबोटाचे कडेने फिरल्या, जैसे सालीसकट फळ जपून उतरवावे, आणि हात सुटा होताच तो आपले डाव्या तळव्यावर ठेविला आणि उजवा तळवा त्यावर झाकिला. सेवक कातरीवाला, जन्मभर हात कापीत आला, परंतु कापलेला हात कोणी हाती धरिलेला तोपावेतो पाहिला नव्हता. येथे लेखणी थांबली होती, हे कमिटीने माफ करावे.

चित्रास भोक पडले होते आणि साहेब त्या भोकाकडे पाहात राहिले होते, हरवल्या पोरासारखे. बाईंस दया आली. ॲप्रनचे खिशातून मुकुटासहित आपले तोंड काढिले आणि भोकावर ठेविले.

“घ्या, हे लावा तिथे.”

“पण हे तर तुमचं…” साहेब पुटपुटले.

“माझं तोंड मला रोज आरशात दिसतं हो. जरा चुरगळलंय, एवढंच. त्याचा हात कुठे दिसणार होता मला?”

साहेबांनी चष्मा काढिला, पुसला, आणि मग बाईंस लवून मुजरा केला. आणि तो मुजरा कोठून कापून आणिलेला नव्हता.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. टाकी चालू जाहली, पाय वाटिले, आणि लिस्बनचे गृहस्थांस दोन अधिक दिले. किटलीतली राणी घेंटास रवाना जाहली, तेथे तिची वाहवा चालते ऐसे ऐकिवात आहे. नुकसानीचा तपशील कमिटीचे दफ्तरासाठी: गनिमाचे चित्र एक जायबंदी, गालिचा एक खराब. आपले पक्षाकडील कोणी पडले नाही. जे पडावयाचे ते गेल्या हिवाळ्यातच पडले, आणि त्यांचा हात आता घरी पोचला असे.