रविवारी बसवलेलं झाकण

रविवारी सकाळी वेन्डेलिन क्राउटर बेकरीतून ब्रेट्सेलचे पाव घेऊन परतला, तेव्हा त्याच्या जुन्या गाडीखालून काहीतरी रस्ताभर खरडत आलं होतं. इंजिनाखालचं प्लास्टिकचं झाकण. ते धरून ठेवणाऱ्या खुंट्या वयोमानाने तुटल्या होत्या आणि झाकण एका बाजूने जिभेसारखं लोंबत होतं.

"उद्या सकाळी गाडीची तपासणी आहे," त्याची बायको रोस्विथा खिडकीतूनच म्हणाली. "नापास झाली तर भंगारात. तूच कबूल केलंयस."

"होईल पास. तळघरात नव्या खुंट्यांचं पाकीट आहे."

"आणि ठोकणार कधी? आज?"

खरी अडचण तीच होती. गॅरेजं बंद, आणि रविवारी शांतता पाळायचा नियम, त्यामुळे त्या गल्लीत कोणी भिंतीला खिळासुद्धा मारत नसे. त्यात वरच्या मजल्यावर हाफनरबाई. शेजारच्या एकाने रविवारी व्हॅक्युम क्लीनर लावला, तेव्हा त्या खाली येऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. तो माणूस पुढे घर सोडून गेला.

जेवताना चर्चची घंटा वाजली आणि क्राउटरचा काटा हवेतच थांबला.

"रविवारी ठोकायची परवानगी एकाला आहे," तो म्हणाला.

"कोणाला?"

त्याने काट्याने चर्चच्या मनोऱ्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. पाव तासाला एक ठोका, अर्ध्या तासाला दोन, असं करत ती घंटा दिवसभर वाजे. तिच्या प्रत्येक ठोक्याबरोबर आपलाही एक टाकला, तर कळणार कोणाला?

"तुझं डोकं फिरलंय," रोस्विथा म्हणाली, पण कॉफीचा कप घेऊन ती मनोरा दिसेल अशा पायरीवर जाऊन बसली. मनोऱ्यावरच्या घड्याळाचा काटा जागेवर आला की तिने वर्तमानपत्र खाली करायचं, असं ठरलं.

क्राउटरने तयारी चोख केली. रबरी हातोड्याला ओव्हनचा हातमोजा चढवला. अंगणात जुना गालिचा पसरला. गाडीच्या हॉर्नला जरा धक्का लागला की आपणहून वाजायची खोड होती, म्हणून त्याची वायर काढून ठेवली. मग तो गाडीखाली सरकला, आणि घंटेमागून घंटा, खुंटीमागून खुंटी बसू लागली. रोस्विथाला मधूनच हसू फुटे आणि वर्तमानपत्र भलत्याच वेळी थरथरे.

तीनच्या घंटा पुष्कळ होत्या. क्राउटर रंगात आला. ढण्, टॉक. ढण्, टॉक. घंटा थांबली, आणि मग एक एकटाच टॉक सबंध अंगणात घुमला.

वरचा पडदा हलला. जिन्यात सपाता वाजल्या. क्राउटरला गाडीखालून आधी सपाता दिसल्या, मग काठी.

"क्राउटर, बाहेर या."

तो आला. अंगभर काळं.

"दुपारपासून सहन करतेय मी," हाफनरबाई म्हणाल्या. "तुम्ही मागे पडता. प्रत्येक ठोक्याला. अडीचचा दुसरा तर ऐकवत नव्हता."

"मागे पडतो?"

"तीस वर्षं चर्चचं गायन बसवलंय मी. आणि आत्ता काय केलंत? सगळे थांबल्यावर तुम्ही एकटेच गायलात. अशांना मी दाराबाहेर उभं करायची." त्यांनी रोस्विथाकडे पाहिलं. "तुमचं वर्तमानपत्रही ढिलं आहे, बाई. किती राहिल्यात?"

"तीन," क्राउटर पुटपुटला.

"मी खिडकीतून हाताने ठेका देते. माझ्याकडे बघा, घंटेकडे नको."

"मी गाडीखाली असेन."

"मग बायकोच्या पायाकडे बघा. ती माझ्याकडे बघून पाय हलवेल."

साडेतीनला शेवटची खुंटी बसली, ती घंटेशी इतकी एकजीव की क्राउटरला स्वतःलाच शंका आली. आजूबाजूच्या बाल्कन्यांतून लोकांनी टाळ्या वाजवल्या, हात एकमेकांना न लावता.

सोमवारी तपासनीसाने झाकण दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. ते तसूभर हललं नाही. "सुरेख," तो म्हणाला, आत बसला आणि हॉर्न दाबला. काहीच नाही.

"हॉर्न वाजत नाही तुमचा."

"काल रविवार होता," क्राउटर म्हणाला.

"आज सोमवार आहे. हॉर्नशिवाय पास करता येत नाही."

क्राउटरने धावत जाऊन वायर जोडली. हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. तपासनीसाने कानावर एक हात धरून दुसऱ्याने नंबरप्लेटवर पास झाल्याचा नवा स्टिकर डकवला आणि गेटकडे बोट दाखवलं.

क्राउटर तसाच वाजत वाजत गावातून घरी आला. अंगणात शिरला तेव्हा दुपारच्या विश्रांतीची वेळ नुकतीच सुरू झाली होती. खिडक्या उघडल्या. रोस्विथा धावत बाहेर आली, तिने आधी नंबरप्लेट पाहिली आणि मगच कान झाकले.

वरच्या खिडकीत हाफनरबाई उभ्या राहिल्या. डोळे मिटून त्यांनी तो सूर थोडा वेळ ऐकला. मग हात उंच केला आणि गायन थांबवावं तशी मूठ आवळली.

हॉर्न थांबला.

"बघा," त्या खाली वाकून म्हणाल्या, "गाडीला कळतं."